नाशिकहून दिल्ली: ओझर, मुंबई की राजधानी?

मामेबहिणीला दिल्लीत इंटरव्ह्यू आहे. परवा तिचा फोन आला, "दादा, मुंबईहूनचं विमान स्वस्त दिसतंय, तेच काढू का?"

आधी नकाशा बघ म्हटलं. नाशिकचा विमानतळ ओझरला. ओझर ते दिल्ली सरळ रेषेत साधारण ९९० किमी, मुंबई ते दिल्ली ११४० च्या आसपास. म्हणजे मुंबई गाठायची तर आधी दिल्लीकडे पाठ करून दीडशेवर किलोमीटर गाडीत बसायचं आणि तेवढंच अंतर पुन्हा हवेतून उलटं कापायचं. वर टॅक्सीचं भाडं धरलं की तिकिटातली बचत भिवंडीच्या आतच संपते.

तिकिटावर ओझरहून दोन तास लिहिलेले असतात, मुंबईहून सव्वादोन. फरक तिथे नाहीच, तो घरापासून मोजायचा. कॉलेज रोडवरून निघालं की द्वारका, आडगाव, दहावा मैल, पाऊण तासात विमानतळ. छोटंसं टर्मिनल, रांग आटोपशीर. दिल्लीत उतरून बॅग घेऊन एअरपोर्ट मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन गाठेपर्यंत एकूण साडेपाच तास धरा. मुंबईमार्गे हेच नऊ-साडेनऊ होतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा सुरू झाला, कसारा घाट टळला, हे खरंच. पण आमण्याच्या पुढे काय? मागच्या पावसाळ्यात ठाण्यातल्या माजिवड्याच्या अलीकडे मी तासभर एकाच टेम्पोच्या मागे उभा होतो. त्याच्या फळीवर लिहिलेलं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' अजून डोळ्यांसमोर आहे.

ओझरची खोट एकच, पण मोठी: विमानं मोजकी. मुंबईत एक चुकलं तर दोन तासांत दुसरं मिळतं. ओझरला मात्र रद्द झालं की बॅग उचलून घरी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने हे होऊ शकतं, आणि आदल्या रात्री 'फ्लाइट रद्द' असा मेसेज मला एकदा आलाही आहे.

म्हणून तारीख पक्की असेल तर माझं मत राजधानी एक्सप्रेसला. २०१९ पासून ती नाशिकरोडवरून जाते. घाटात मागून वेगळं इंजिन जोडायला थांबावं लागू नये म्हणून तिला दोन्ही टोकांना इंजिन लावतात. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बसायचं, जेवून झोपायचं, सकाळी दहाच्या आसपास दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन. पंधरा-सोळा तास ऐकायला जास्त वाटतात, पण त्यातले आठ झोपेचे. धुक्याच्या दिवसांत तीही रखडते, तेव्हा एक दिवस आधीच निघायचं.

बहिणीचा इंटरव्ह्यू सोमवारी अकराला आहे. तिला शनिवारची राजधानी काढायला सांगितलंय. येताना ओझरचं विमान, कारण तेव्हा उशीर झाला तरी वाट बघणारं फक्त घरचंच कुणीतरी असेल.