अमेरिकेतली उपकरणं आणावीत, की नाशकात नवी घ्यावीत?

कायमचं परत यायचं ठरलं की सामानात काय भरायचं यावरून प्रत्येक घरात वाद होतो. १२० आणि २३० व्होल्टचा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे तोडगाही तयार असतो: २३०चे १२० व्होल्ट करणारा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन टाकू. आम्ही तिथला स्टँड मिक्सर आणि मायक्रोवेव्ह आणला. फ्रिज, वॉशिंग मशीन इथेच घेतलं. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच घरात अनुभवायला मिळाल्या.

आणण्याच्या बाजूने सगळ्यात जोरकस साक्ष त्या मिक्सरची. त्याची मोटर कार्बन ब्रशची. तिला योग्य व्होल्टेज मिळालं की बास. पुरणपोळीची सैलसर कणीक तो अशी मऊ तिंबतो की इथल्या मिक्सरच्या जोडभांड्याकडून, निदान आमच्या तरी, तसं काम झालं नाही.

मायक्रोवेव्हचं मात्र वेगळं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांना, हात लावत नाही. तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०. मग वीज नाशकाजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची असो की आणखी कुठली. आमच्या मायक्रोवेव्हचा टायमर विजेची आवर्तनं मोजून चालतो. साठ मोजली की त्याचा एक सेकंद होतो, आणि इथे साठ मोजायला त्याला १.२ सेकंद लागतात. दूध तापवायला दोन मिनिटं लावावीत, तर ते प्रत्यक्षात २ मिनिटं २४ सेकंद फिरतं. कपभर दुधाला तेवढे चोवीस सेकंद ऊतू जायला पुरतात. वरचं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं, म्हणजे दिवसाला चार तास. शिवाय बाहेरचा ट्रान्सफॉर्मर नुसता चालू ठेवला तरी कोमट राहतो, घुमतो. म्हणून बटण बंद करावं, तर घड्याळ पुन्हा १२:०० वर लुकलुकत बसतं. रोज सकाळी चहाच्या वेळी हेच. माझा कौल फिरला तो इथे.

नवी बरीच मॉडेल्स वेळेसाठी विजेच्या आवर्तनांवर अवलंबून नसतात, तेव्हा तुमचं यंत्र कदाचित हा त्रास देणारही नाही. पण जुन्या धाटणीच्या मायक्रोवेव्हच्या पोटातला जड ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. ५० वर त्याचा लोखंडी गाभा जास्त तापतो, गुरगुरतो. साध्या इंडक्शन मोटरची (पंख्यात वगैरे असते ती, बिनब्रशची) गतही तीच, वर वेगही सहाव्या हिश्श्याने कमी. आणि भिंतीतून दीड किलोवॅट खेचणाऱ्या यंत्राला सहा अँपिअरचा पॉइंट पुरत नाही, सोळाचा लागतो. ओट्यावर दोन हातांनी उचलावं असं ट्रान्सफॉर्मरचं धूड येतं ते वेगळंच.

इथे घेतलेलं मायक्रोवेव्ह दिसायला साधं आहे, आतली जागाही कमी. पण दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं, आणि बिघडलं तर कारागीर घरी येऊन बघतो.

लंडन किंवा दुबईहून येत असाल तर हा प्रश्न फक्त पिनेचा. सौदीत मात्र ६० हर्ट्झ. जपानमध्ये सगळीकडे १०० व्होल्ट, पण एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी: टोकियोने १८९०च्या दशकात जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन, म्हणून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. टोकियोकरांना निदान घड्याळाची चिंता नाही.

लॅपटॉप, फोनचे चार्जर डोळे झाकून आणा. त्यांच्यावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. मिक्सरवर जीव असेल तर तोही आणा. बाकीचं, मला वाटतं, तिथेच विकून यावं. मिक्सरसाठी ट्रान्सफॉर्मर घ्याल तेव्हा लेबलवरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, कारण घट्ट कणकेत मोटर जास्त ओढते. आणि पैसे देण्यापूर्वी अर्थिंगची तार आउटपुटच्या सॉकेटपर्यंत खरोखर जोडलेली आहे ना, हे दुकानदाराला मीटर लावून दाखवायला सांगा.