स्टेलॅरियम: दक्षिणेकडच्या अग्रनद ताऱ्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं सॉफ्टवेअर

डोक्यावर आलेली नक्षत्रं ओळखायला मोबाइलवरचं कुठलंही ॲप पुरतं. दक्षिणेला खाली, झाडांच्या शेंड्यांपाशीच उगवून मावळणारे तारे बघायचे असतील, तर मात्र लॅपटॉपवर स्टेलॅरियम हे पडद्यावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. फाबियँ शेरो या फ्रेंच माणसानं 2000 साली ते लिहायला घेतलं. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. 2022 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. मोबाइलवरची आवृत्ती वेगळी आहे, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

मी देवगडची. शाळेत विज्ञान शिकवते आणि थंडीत मुलांना घेऊन आकाश बघते. मुलांना मृग, कृत्तिका, रोहिणी पाठ असतात. अग्रनद, म्हणजे आखेर्नार, हा तारा मात्र फारसा कुणी पाहिलेला नसतो. यमुना, म्हणजे एरिडानस, ही ताऱ्यांची नदी मृगातल्या रिगेलजवळ सुरू होते आणि वळणं घेत दक्षिणेला अग्रनदापाशी संपते. निळसर पांढरा, सुमारे 139 प्रकाशवर्षांवरचा हा तारा आकाशातल्या पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांत मोडतो. तरी तो सहज दिसत नाही, कारण देवगडहून तो जास्तीत जास्त साडेसोळा अंश वर येतो आणि दहा अंशांच्या वर जेमतेम पाच तास राहतो.

स्टेलॅरियम उघडल्यावर पायाखाली जे हिरवं शिवार दिसतं ते फ्रान्समधल्या गेरँ नावाच्या गावचं आहे. दिसायला सुंदर, पण आपल्या कामाचं नाही. आधी एफ 6 दाबून जागा हातानं भरा. इंटरनेटवरून आपोआप घेतलेली जागा पुष्कळदा जवळच्या मोठ्या शहराची असते. डोक्यावरच्या ताऱ्याला त्यानं फरक पडत नाही. अग्रनदाला पडतो, कारण अक्षांश दोन अंशांनी चुकला की उंचीही दोन अंशांनी चुकते.

मग या सॉफ्टवेअरची मला सगळ्यात आवडलेली सोय: स्वतःचं क्षितिज भरता येतं. त्यासाठी फोटोंचं पॅनोरमा जोडत बसायची गरज नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दर ओळीत दोन आकडे लिहायचे, दिगंश आणि उन्नतांश, म्हणजे कुठल्या दिशेला अडथळा किती अंश उंच आहे ते. सोबत काही ओळींची वर्णनाची फाइल लागते. दोन्ही झिप करून भूदृश्यांच्या यादीत जोडल्या की काम झालं. दिशा फोनच्या होकायंत्रावर मिळते. उंचीसाठी हात सरळ लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. मी आमच्या अंगणाचं क्षितिज असंच भरलं. दक्षिणेला शेजारच्या हापूसच्या कलमांचे शेंडे बारा अंशांपर्यंत जातात, म्हणजे अग्रनदासाठी वर साडेचार अंशांची फट उरते. हे पडद्यावर दिसल्यावर मुलांना घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जायचं ठरवलं. तिथे दक्षिण जवळजवळ मोकळी आहे.

वेळेचा अंदाज तर अचूक मिळतो. डिसेंबरच्या मध्याला अग्रनद रात्री पावणेनऊच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे सरळ दक्षिणेला असतो. त्याच वेळी आग्नेयेला अगस्ती हा दुसरा ठळक तारा उगवायच्या बेतात असतो. त्यामुळे सड्यावर गोंधळ होत नाही: अगस्ती दिसायच्या आधी दक्षिणेला जो एकटा ठळक तारा आहे, तोच अग्रनद. वातावरणाचा परिणाम चालू ठेवला तर माहितीच्या चौकटीत ताऱ्याच्या मूळ प्रतीबरोबर, म्हणजे तेजाच्या आकड्याबरोबर, हवेमुळे मंदावलेली प्रतही दिसते. ही गोष्ट मला मोलाची वाटते. इतक्या खाली ताऱ्याचा निळेपणा बराच विरतो, तो लुकलुकतोही खूप. मुलं विचारतात, "बाई, हा तर निळा नाहीच!" त्याचं उत्तर आधीच तयार असतं.

आणि वर्ष बदलून बघाच. साल 1 टाकलं की देवगडहून हाच तारा सहा अंशांच्या आसपासच वर येतो. उणे 3000 टाकलं तर उगवतच नाही! पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्याचा हा परिणाम. सध्या अग्रनद दर शंभर वर्षांनी सुमारे अर्धा अंश उत्तरेकडे सरकतोय. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाला तो दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याच्या यादीतली यमुना थीटा एरिडानी या ताऱ्यापाशीच संपते आणि तो तारा आपल्याकडे आरामात तेहेतीस अंशांवर येतो. नववीच्या मुलांना आसाची ही परांचन गती फळ्यावर कधी पटली नव्हती. इथे वर्षाचा आकडा मागेपुढे करून त्यांनी ती स्वतः पाहिली.

उणिवा आहेत. नवख्याला एवढ्या खिडक्या आणि चिन्हं बघून बुजायला होतं. क्षितिजाच्या फाइलची रचना समजून घ्यायला थोडी इंग्रजी माहितीपुस्तिका वाचावीच लागते. शिवाय ताऱ्याचा ठिपका हा ठिपकाच राहतो. अग्रनद स्वतःभोवती इतका वेगानं फिरतो की विषुववृत्तापाशी फुगून चपटा झालाय, 2003 मध्ये चिलीतल्या पारानाल इथल्या व्हीएलटी दुर्बिणींनी ते मोजलं. हे आकारातलं नवल मात्र तोंडीच सांगावं लागतं.

सड्यावर नेताना कंट्रोल आणि एन दाबून लाल पडदा करा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे टिकतात. घाटावर किंवा विदर्भात राहणाऱ्यांनी तर क्षितिजाची फाइल आवर्जून करावी. नागपूरला अग्रनद पावणेबारा अंशांच्या वर जात नाही, तिथे समोरची दुमजली इमारतही त्याला झाकू शकते. डिसेंबरची तारीख टाका, गच्चीचं क्षितिज भरा, आणि तारा झाकला जात असेल तर गावाबाहेरची दक्षिण मोकळी असलेली जागा त्याच पद्धतीनं तपासून घ्या.