बाहेरून नेमलेला पीटीचा तास : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या मुलीच्या शाळेने या वर्षापासून शारीरिक शिक्षणाचे तास एका खासगी क्रीडासंस्थेकडे सोपवले आहेत. संस्थेचे प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा, 35 मिनिटांच्या तासाला, स्वतःचे साहित्य घेऊन येतात आणि त्याची फी शाळेच्या वार्षिक शुल्कातच धरलेली असते. माहितीपत्रकात मुलांच्या मानसिक आरोग्याचा उल्लेख ठळकपणे केलेला होता, त्यामुळे ही सेवा मी त्याच कसोटीवर पारखली आहे. शाळेला पदके किती मिळाली, हा प्रश्न येथे गौण आहे.

सेवेचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे तासाची आखणी. पूर्वी पन्नास मुलांच्या वर्गात खो-खोचा एकच डाव मांडला जाई, म्हणजे नऊ जण पाठलागाला, तिघे पळायला आणि उरलेली 38 मुले कडेला बसून माती उकरायला. आता मैदानाचे चार भाग पाडून प्रत्येक भागात आखूड रांगेचा वेगळा डाव चालतो आणि दर तीन-चार मिनिटांनी शिट्टी वाजली की पाळी बदलते. लंगडीत बाद झालेले मूल बाहेर न बसता शेजारच्या गटात जाऊन खेळू लागते. जे मूल सर्वांत आधी बाद होते त्यालाच खेळण्याची गरज बहुधा सर्वाधिक असते, हे एवढ्या साध्या नियमातून साधले गेले आहे. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी मागण्याची प्रथाही बंद झाली असून गट चिठ्ठ्या टाकून पाडले जातात. शेवटपर्यंत कोणीच न मागितलेला गडी ज्यांनी कधी काळी पाहिला आहे, किंवा जे स्वतः तो होते, त्यांना यातला दिलासा वेगळा सांगायला नको. पीटीच्या दिवशी हमखास पोट दुखणारी आमची मुलगी हल्ली आदल्या रात्री बूट दाराशी काढून ठेवते. मोठ्या वर्गांतील मुलींसाठी महिला प्रशिक्षक आहेत आणि एखाद्या दिवशी पळायचे नसेल तर चारचौघांत कारण सांगावे लागत नाही, हेही नोंदवायला हवे.

नाराजी आहे ती चाचण्यांविषयी. खेलो इंडियाच्या शालेय मूल्यमापनानुसार 9 ते 18 वयोगटासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा), 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे किंवा चालणे, लवचिकतेची चाचणी असे घटक घेतले जातात आणि त्यांत गैर काही नाही. परंतु येथे वजनकाट्यावरचा आकडा एक प्रशिक्षक मोठ्याने पुकारत होता, दुसरा तो लिहून घेत होता आणि अख्खा वर्ग ऐकत होता. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग लक्षात घेऊनच वाचावा लागतो. संस्थेच्या ॲपवर मात्र तो कोणत्याही स्पष्टीकरणाविना लाल रंगात उमटला आणि शेजारी वर्गातील क्रमांकही आला. तासाला जे कमावले ते काट्यावर घालवण्याचा हा प्रकार आहे. पालकांनी तक्रार केल्यावर वजन आता वर्गाबाहेर, एकेकाला बोलावून घेतले जाते.

वेळेचा हिशेबही मांडायला हवा. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि तिच्या 2020 च्या मार्गदर्शनात नैराश्याची लक्षणे कमी होण्याशीही या हालचालीचा संबंध जोडलेला आहे. आठवड्याची 70 मिनिटे, त्यातून बूट बदलणे आणि रांग लावणे वजा केले तर, एका दिवसाच्या गरजेलाही जेमतेम पुरतात. त्यातही सहामाहीच्या आधी हे तास गणिताला दिले गेले, तो दोष अर्थातच संस्थेचा नव्हे.

शाळेला पुरेसे मैदान असेल तर ही सेवा घ्यावी, असेच मी सुचवेन. ॲपमधील क्रमांक पुढील सत्रापासून काढून टाकण्याचे संस्थेने मान्य केले आहे. परीक्षेच्या महिन्यातील तासांबाबत शाळेने मात्र अद्याप काहीही लिहून दिलेले नाही.