ड्रायव्हरची फाइल, डॅशकॅम आणि कामाचे तास : घरसामान हलवायच्या धंद्यात वापरून बघितल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या आधी आम्ही आमच्या सगळ्या गाड्यांना डॅशकॅम बसवला, समोर एक, आत एक, मागं एक, आणि जीपीएस पण, आणि त्याच टायमाला प्रत्येक ड्रायव्हरची एक फाइल करायला घेतली. आता उन्हाळ्याचा सीझन तोंडावर आलाय, बदल्यांची भाडी सुरू होतील, आणि लाइनमधले बरेच जण फोन करून विचारायलेत की कॅमेरा कसा आहे, घ्यावा का. म्हणून एकदाच सगळं लिहिते. आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, गाड्या उचगावला उभ्या असतात, एक छोटा हत्ती, एक पिकअप आणि दोन आयशर. भाडी जास्त करून पुणे-मुंबई, मग बेळगाव, बेंगलोर, गोवा. माझं मत आधीच सांगते, पैसे गेले कॅमेऱ्याला पण उपयोग झाला फाइलचा, आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो ड्रायव्हरचे तास लोडिंगपासनं मोजायला लागल्यावर.

फाइलची कल्पना माझ्या चुलत बहिणीची, ती न्यू जर्सीत एका मूव्हिंग कंपनीत सेफ्टीचं काम बघते. तिकडं एफएमसीएसए म्हणून ट्रक-बसची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात माल नेणारी १०,००१ पौंडांची किंवा त्याच्या वरची गाडी असेल, म्हंजे साधारण साडेचार टन, तर प्रत्येक ड्रायव्हरची क्वालिफिकेशन फाइल ठेवावीच लागते. त्यात नोकरीचा अर्ज, मागच्या ३ वर्षांत कुठं कुठं काम केलं तिथली चौकशी, रोड टेस्टचा दाखला, मेडिकल सर्टिफिकेट जे जास्तीत जास्त २ वर्षंच चालतं, आणि दरवर्षी त्याच्या लायसनवर काय काय नोंद झालीय त्याचा उतारा. माणूस नोकरी सोडून गेला तरी फाइल पुढं ३ वर्षं जपायची. मला विशेष वाटलं ते हे की तिकडं घर हलवायला जे २६ फुटी ट्रक वापरतात ते बहुतेक २६,००० पौंडांच्या आत बसवलेले असतात, म्हणजे त्याला कमर्शियल लायसन लागत नाही, पण फाइल आणि मेडिकल त्यालाही चुकत नाही. लायसन साधं चाललं म्हणून माणूस न तपासता गाडीवर बसवायचा असं तिकडं नाही.

आपल्याकडं अशी एक फाइल ठेवा असं कोण सांगत नाही, पण त्यातला एकेक तुकडा मोटार वाहन कायद्यात आहेच. ट्रान्सपोर्टच्या, म्हंजे भाड्याची गाडी चालवायच्या लायसनला वय २० पूर्ण लागतंय, नमुना १-अ चं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्टची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झालीय. लायसन नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली तर मालकाला वेगळा दंड आहे, कलम १८०, पूर्वी हजार होता आता ५,००० रुपये, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड एकवेळ परवडला, खरी भीती अपघाताची असते, कारण लायसन बरोबर नसलं की इन्शुरन्स कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि कोर्टाच्या आदेशानं तेच पैसे मालकाकडनं वसूल करते. छोट्या धंद्यात घर विकायची वेळ येते अशानं.

आता लायसन बघायचं कसं ते सांगते कारण इथंच सगळे फसतात. दिवाळीनंतर एक जण कामाला आला होता, ओळखीतनं, हात चांगला, बोलणं चांगलं, व्हॉट्सअॅपवर लायसनचा फोटो पाठवलेला. फोटोवर तारीख दिसत होती २०३३ ची. मी परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली तर खाली दोन ओळी आल्या, नॉन-ट्रान्सपोर्ट २०३३ पर्यंत आणि ट्रान्सपोर्ट कधीच संपलेलं. कार्डावर पण दोन्ही तारखा असतात, पण माणूस लांबचीच तारीख बघतो, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं बिचाऱ्याला. आणि पूर्वी लायसन संपल्यावर ३० दिवस चालायचं ती सवलत २०१९ ला काढून टाकली, संपलं म्हंजे त्याच दिवशी संपलं. नंतर नूतनीकरण केलं तरी ते केलेल्या दिवसापासनं धरतात, मधला काळ मोकळाच राहतोय. वर्षाच्या वर गेलं तर परत टेस्ट. त्याला मी सांगितलं की दादा आधी हे करून या, जागा ठेवते. करून आला, आता आमच्याकडंच आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की ७,५०० किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी साध्या एलएमव्ही, म्हंजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. छोटा हत्ती आणि पिकअपचा प्रश्न मिटला. पण आयशरच्या बाबतीत "१४ फुटी म्हंजे चालतंय" असं जे लोक बोलतात ते धरू नका, मॉडेलप्रमाणे आकडा बदलतोय, आरसीवर ग्रॉस व्हेइकल वेट, म्हंजे मालासकट गाडीचं वजन, लिहिलेलं असतं ते बघा आणि फाइलमध्ये ड्रायव्हरच्या नावापुढं लिहा की हा कुठली गाडी चालवू शकतो आणि कुठली नाही. आम्ही तेवढं एक पान ऑफिसच्या भिंतीवर लावलंय, मी नसले तरी पोरगा बघून गाडी देतो.

बदली ड्रायव्हर हा सगळ्यात मोठा खड्डा. आपला माणूस गावच्या जत्रेला गेला, आजारी पडला, की कुणीतरी कुणालातरी पाठवतं आणि गाडी निघते. आमचा नियम साधा, सारथीवर तपासल्याशिवाय किल्ली नाही आणि उचगावातनं तावडे हॉटेलपर्यंत आणि परत आमचे मामा शेजारी बसून त्याला गाडी चालवायला लावतात, रिव्हर्स घ्यायला लावतात. मामा म्हंजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, वडिलांच्या वेळचे. त्यांनी एकाला परत पाठवला कारण गाडीत बसायच्या आधी तो टायरकडं बघायला वाकला सुद्धा नाही. मला ते कारण पटलं.

आता तासांचं. आमच्या धंद्यात ड्रायव्हर नुसता ड्रायव्हर नसतोय, हे विटा-वाळूवाल्यांना नाही कळायचं. सकाळी आठला राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरनं कपाट उतरवायला त्याचाच हात लागतो, फ्रीज बांधणार तो, गाडीत माल कसा रचायचा ते सांगणार तो, ताडपत्री ओढणार, रस्सी ताणणार, दुपारी चारला गाडी भरते, पाचला जेवण, आणि सहाला पार्टी, म्हंजे गिऱ्हाईक, म्हणते की उद्या सकाळी वाकडला सोसायटीची लिफ्ट फक्त सात ते दहा मिळणारंय, तुम्ही रात्रीच निघा. पुणं २३० किलोमीटर, त्याला काय वाटत नाही, तो निघतो. कागदावर त्याचं ड्रायव्हिंग रात्री नऊला सुरू झालं असं दिसतं, पण त्याचं अंग सकाळी आठपासनं राबतंय. खंबाटकी घाटाला पोचेपर्यंत सोळा-सतरा तास झालेले असतात.

बहिणीनं हे ऐकून पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमचं घड्याळ कधी सुरू होतं. तिकडं माल वाहणाऱ्या ड्रायव्हरनं १० तास सलग सुट्टी घेतल्यावर कामावर आल्यापासनं १४ तासांच्या आतच ड्रायव्हिंग करायचं, त्यातलं प्रत्यक्ष स्टेअरिंग ११ तास, आणि लोडिंगचा वेळ त्या १४ मध्येच मोजायचा. म्हंजे आठला कपाट उचललं की रात्री दहानंतर गाडी चालवायची नाही, विषय संपला. आपल्याकडं पण १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती हे ठरवून दिलं होतं, आणि त्यात मालकाच्या हाताखाली असलेला वेळ कामातच धरलेला. सूत्र जुनंच आहे, आपण ते पाळत नाही.

आम्ही काय केलं, लोडिंगला ज्या टायमाला ड्रायव्हर हजर होतो तो टाइम हमालांचा मुकादम वहीत लिहितो आणि तिथनं घड्याळ सुरू. पार्टीला बुकिंगलाच दोन पर्याय देतो, एक तर आज भरून पहाटे चारला निघणार, ड्रायव्हर रात्री घरी झोपणार, नाहीतर रात्रीच जायचं असेल तर चालवणारा माणूस वेगळा, जो दिवसभर झोपून संध्याकाळी ताजा येईल, त्याचे पैसे जास्त. काही भाडी गेली यानं, दुसऱ्यानं रात्रीत पोचवतो म्हणून उचलली. पण जी राहिली त्यात सामान फुटायचं प्रमाण कमी झालं हे मला अपेक्षित नव्हतं, दमलेला माणूस खड्डा उशिरा बघतो आणि आतली काच त्याची किंमत मोजते. जीपीएसचा इथं उपयोग अर्धाच, त्याला इग्निशन चालू-बंद कळतं, लोडिंग कळत नाही. म्हणून वहीच खरी, जीपीएस पडताळायला.

कॅमेऱ्याबद्दल. मागचा कॅमेरा एक नंबर. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेच्या बोळात आयशर रिव्हर्स घेताना पूर्वी मागं एक पोरगा "येऊ द्या येऊ द्या" करत उभा असायचा आणि भिंतीत आणि गाडीत सापडायची भीती असायची, आता पोरगा बाजूला उभा करतो. समोरचा चांगला, दिवसा नंबरप्लेट स्पष्ट, रात्री समोरच्याचा अपर लागला की सगळं पांढरं. आतल्या कॅमेऱ्याचा झोपेचा अलार्म मात्र मला पटला नाही, गॉगल घातला की वाजतो, आरशात बघितलं की वाजतो, आणि सारखं वाजणाऱ्या गोष्टीकडं माणूस लक्ष द्यायचा बंद होतो, ते जास्त वाईट. लेन बदलल्याचा अलार्म लक्ष्मीपुरीत एक मिनिट गप्प बसला नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात बंद केला. उन्हात उभ्या गाडीत मेमरी कार्ड खराब झालं, विकणाऱ्यानं वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले आणि नंतर फोन उचलायचं बंद केलं. घेताना जास्त टिकणारं, डॅशकॅमसाठीचंच कार्ड मागून घ्या आणि महिन्यातनं एकदा खरंच रेकॉर्ड होतंय का ते काढून बघा. करूळ घाटात लोकेशन मधेच गायब होतं, घाट उतरल्यावर परत येतं.

आतला कॅमेरा लावला तेव्हा मामा नाराज झाले. म्हणाले, "ताई, एवढी वर्सं स्टेरिंग धरलंय, आता तुमी माज्यावर डोळा ठेवणार व्हय?" त्यांचं बरोबर होतं. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की आवाज रेकॉर्ड होणार नाही, गाडी उभी असताना आतला कॅमेरा बंद, आणि अपघात किंवा तक्रार असल्याशिवाय मी उघडून बघणार नाही. ते पाळलं. पुढं हायवेला एका कारवाल्यानं मामांनी कट मारला म्हणून भांडण काढलं तेव्हा समोरच्या कॅमेऱ्यात त्याचाच कट निघाला, तेव्हापासनं मामाच सकाळी काच पुसून कॅमेरा चालू आहे का बघतात.

जीपीएसचा मला सगळ्यात मोठा उपयोग पुण्याजवळ कात्रजच्या उतारावर झाला. नवीन बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सलग उतार, तिथं नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत कितीतरी गाड्या एकमेकांवर गेल्या होत्या, आणि त्यानंतरही अपघात थांबलेले नाहीत. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल करायची सवय अजून लई जणांना आहे. आमच्या सेटमध्ये गिअर दिसत नाही पण स्पीडचा आलेख बघितला की कळतंय, गिअरमधली गाडी एका लयीत उतरते, न्यूट्रलवाली वाढते, ब्रेक, वाढते, ब्रेक, करवतीच्या दातांसारखी. ड्रायव्हरला मोबाइलवर दोन्ही आलेख शेजारी दाखवले आणि सांगितलं की गिअरमध्ये पाय वर घेतला की आताच्या इंजिनला तसंही डिझेल जात नाही, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला जातंच, आणि सगळं वजन ब्रेकवर येऊन ते तापले की पकडत नाहीत. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकची हवा भरायची थांबते. ओरडून जे झालं नसतं ते आलेखानं झालं.

चलनांचं एक, अमेरिकेत पोलिसानं पकडून केलेल्या चलनाची नोंद ड्रायव्हरच्या लायसनवर होते, आपल्याकडं कॅमेऱ्याचं ई-चलन गाडीच्या नंबरवर मालकाला येतं. म्हणून त्या दिवशी त्या तासाला गाडी कुणाकडं होती ते वहीत नसेल तर फाइलमध्ये काय चढवणार? आम्ही दर महिन्याला चलन वहीशी जुळवतो आणि त्या ड्रायव्हरच्या फाइलला लावतो, पगारातनं कापायला नाही, एकाच माणसाचं सारखं ओव्हरस्पीडचं येतंय का ते कळायला. आणि पार्टीची माणसं मागं सामानावर बसतो म्हणतात त्यांना स्पष्ट नाही म्हणा, मालाचा मालक केबिनमध्ये सीटवर असेल तर विम्यात बसतो, ताडपत्रीखाली बसलेल्याचं काय झालं तर तो भार तुमच्यावर येऊ शकतो.

कॅमेऱ्याची वर्षाची वर्गणी आता संपतेय. समोरचा आणि मागचा चालू ठेवणार, झोपेच्या अलार्मचे पैसे भरणार नाही, त्या पैशात सगळ्या ड्रायव्हरांची डोळे आणि शुगर तपासणी बसते. मामांचं ट्रान्सपोर्ट पुढच्या वर्षी संपतंय, पण मुदतीच्या एक वर्ष आधीपासनं अर्ज करता येतो, त्यामुळं सीझन उरकला की जूनमध्येच त्यांना घेऊन आरटीओला जाणार आहे.