जुनी लॉरा आरएस सांभाळणारं भोसरीतलं गॅरेज

माझी स्कोडा लॉरा आरएस दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय. आता ती भोसरीतल्या एका छोट्या गॅरेजशिवाय मी कुठेही देत नाही. हिच्या १.८ टीएसआय इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचत जातो. इथल्या उस्तादांनी मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ केले, आधी कसे होते नि नंतर कसे झाले तेही दाखवलं. सकाळी थंड इंजिन थरथरायचं, ते थांबलं.

मला खरं तर रीमॅप हवा होता, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवायची होती. ते म्हणाले, "साहेब, आधी टायमिंग चेनचा टेन्शनर बघू, पॉवरचं मग." हातचं काम सोडून असा सल्ला देणाऱ्या माणसावर माझा पूर्ण विश्वास बसला. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), ब्रेकच्या पुढच्या डिस्क, पॅड आणि शॉकअप नवे टाकले. ताम्हिणीच्या वळणांवर गाडी आता रस्त्याला चिकटून जाते, आणि एवढ्यावरच मी इतका खूश आहे की रीमॅपची घाई उरली नाही.

मजुरी स्वस्त नाही. पण काढलेला प्रत्येक पार्ट हातात देतात. ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२ मानकाचंच भरतात. शनिवारी गर्दी असते, फोन करूनच जा.