चंबळ: शरणागती की चकमक?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आजही हा वाद निघतो. चंबळ खोऱ्यातले डाकू, म्हणजे 'बागी', बोलणीने आटोक्यात आले की बंदुकीने?

बंदुकीचा मार्ग झटपट दिसतो. टोळीचा म्होरक्या मानसिंग 1955 मध्ये चकमकीत मारला गेला, पण टोळी संपली नाही. सूत्रं त्याच्या साथीदाराकडे, रूपाकडे गेली. 1959 मध्ये तोही मारला गेला, तरी टोळीतला लुक्का उरलाच. म्होरक्या मेला तरी गावातलं वैर, जमिनीचे तंटे आणि दडायला बीहड (नदीकाठच्या खोल घळी) तसेच राहतात. शिवाय खबऱ्यावर सूड उगवला, की पुढची खबर कोण देणार?

बोलणी संथ असतात. 1960 मध्ये विनोबांपुढे शस्त्रं ठेवणाऱ्यांत लुक्काही होता. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या जौऱ्याला जयप्रकाशांसमोर मोहरसिंग, माधोसिंग हे म्होरके शरण आले. त्याआधी महिनोन्‌महिने निरोप्यांच्या फेऱ्या झाल्या होत्या. फाशी होणार नाही ही हमी आणि नंतर मुंगावलीचं खुलं कारागृह, यामुळे विश्वास बसला.

बोलणी फसतात ती शब्द देणाऱ्याचा अधिकार अपुरा पडला तर. फूलनदेवीने 1983 मध्ये भिंडला मध्य प्रदेश सरकारपुढे शस्त्रं ठेवली, पण गंभीर खटले उत्तर प्रदेशात होते. 8 वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही असा शब्द मिळाला होता, प्रत्यक्षात तिची 11 वर्षं तुरुंगात गेली. म्हणून खटले असलेल्या प्रत्येक राज्याची लेखी संमती आधी घ्यावी.

दबावाशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, हे मान्य. पण पोलिसांचा वेढा टोळीला चर्चेपर्यंत आणण्यापुरताच असावा. आणि ज्यांची माणसं मारली गेली, त्या कुटुंबांना या चर्चेत जागा हवीच. चंबळमध्ये ती फार कमी मिळाली.