फिरतीच्या नोकरीत कोणती अंडरवेअर टिकली: रत्नागिरी, एप्रिल ते ऑक्टोबर

घाईत असाल तर एवढंच वाचा. दिवसभर मोटरसायकलवर बसायचं असेल, घाम भरपूर येत असेल आणि मांड्या एकमेकींना घासत असतील, तर लांब पायाची ट्रंक घ्या. कापड ९५ टक्के कोम्ब्ड (विंचरलेलं) कॉटन आणि ५ टक्के इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा, पायाची आतली शिवण पाचेक इंचांची आणि सगळ्या शिवणी सपाट. दुकानात हिलाच बॉक्सर ब्रीफही म्हणतात. ब्रीफ, म्हणजे बिनपायाची नेहमीची चड्डी, मी पूर्ण सोडली, मोडाल या मऊ धाग्याची फक्त बैठ्या कामाच्या दिवशी घालतो आणि पॉलिस्टरची पुन्हा घेणार नाही.

आता सविस्तर. माझं काम फिरतीचं. रत्नागिरीहून पावस, लांजा, राजापूर, कधी संगमेश्वर. खाली रेक्झिनची सीट, अंगात जाड कापडाची पँट. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की सकाळी दहालाच कमरेखालचं सगळं ओलं झालेलं असतं. जूनपासून पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि रेनकोटची पँट चढवली की बाहेरून कोरडे राहिलो तरी आतून भिजतोच. आपल्याकडे पुरुष या विषयावर बोलत नाहीत. बायको किंवा आई आणेल ती घालतात आणि जांघेत काचलं की पावडर लावून गप्प बसतात. रोज बारा-चौदा तास अंगाला चिकटून राहणाऱ्या कपड्याबद्दल इतकी बेफिकिरी बरी नाही.

सगळ्यात जास्त फरक आकाराने पडतो, कापडाने त्यानंतर. ब्रीफ पहिल्यांदा १९३५ च्या जानेवारीत, ऐन थंडीतल्या शिकागोत मार्शल फील्ड या दुकानात विकायला आली. बनवणारी कूपर्स ही कंपनी, पुढे तीच जॉकी झाली. ब्रीफचं पायाचं इलॅस्टिक नेमकं जांघेच्या घडीत बसतं. माणूस उभा असताना त्याचा त्रास जाणवत नाही. गाडीवर बसलं की ती घडी तासन्‌तास मिटलेली राहते, घाम तिथेच साठतो आणि ओल्या कातडीवर इलॅस्टिक घासत राहतं. संध्याकाळी लाल वळ उठतात ते यामुळे. ट्रंकमध्ये पायाची कड घडीपासून खाली, मांडीच्या सपाट भागावर येते. काचण्याची जागाच बदलते.

पण आखूड ट्रंकही सगळ्यांना पुरत नाही. मांड्या भरलेल्या असतील तर दोन-तीन इंचांचा पाय चालताना वर सरकतो, गोळा होऊन जांघेत बसतो आणि ब्रीफपेक्षा जास्त काचतो. पाच इंचांचा पाय मांड्या जिथे एकमेकींना लागतात त्याच्या खालपर्यंत जातो आणि दोन्हींच्या मध्ये कापड राहतं. माझा उन्हाळा सुसह्य झाला तो या एका बदलाने.

सैल, विणलेल्या कापडाचे बॉक्सर घरी आणि झोपताना उत्तम, हवा खेळती राहते. गाडीवर मात्र त्यांचा घोळ पँटमध्ये एका बाजूला जमा होतो. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांसाठी इथेच एक सांगतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६५६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बहुतेक वेळ सैल बॉक्सर घालणाऱ्यांच्या शुक्राणूंचं प्रमाण इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. हे पुरुष मुळात वंध्यत्वाच्या उपचारांसाठी आलेल्या जोडप्यांमधले होते आणि घट्ट घालणाऱ्यांचं प्रमाणही साधारणपणे सामान्य मर्यादेत होतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. रात्री सैल घालायला मात्र काहीच अडचण नसावी.

कापडाकडे येऊ. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. खेळासाठीची म्हणून विकली जाणारी पॉलिस्टरची अंडरवेअर धावताना, वारा लागत असताना चांगली वाटते. सीटवर दाबून बसल्यावर घामाला उडून जायला वाटच नसते, मग तो कापड आणि कातडी यांच्यामध्ये चिकचिकत राहतो. शिवाय वास. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ मध्ये व्यायामानंतरच्या टी-शर्टांवर अभ्यास झाला होता, त्यात पॉलिस्टरला सुतीपेक्षा जास्त दुर्गंधी आढळली, कारण वास निर्माण करणारे काही जिवाणू त्या धाग्यावर जास्त फोफावतात. माझा अनुभव तंतोतंत तोच. धुऊन वाळवलेली पॉलिस्टरची अंडरवेअर अंगात घालून तासभर झाला की जुना वास परत येतो.

मोडाल हा बीच नावाच्या झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा. पहिल्या दिवशी त्याच्याइतकं मऊ दुसरं काही लागत नाही आणि ओलावाही तो कापसापेक्षा जास्त पितो. ऑफिसात मीटिंग असेल, बसने जायचं असेल तर मी आजही तीच काढतो. पण रेक्झिनच्या सीटवरचं घर्षण तिला सोसत नाही. गणपतीपर्यंत आतल्या बाजूला कापडावर गोळे आले, मग ते विरत गेलं आणि शिवणीलगत भोक पडलं. किंमत कॉटनच्या जवळपास दुप्पट, म्हणून हे जास्त लागलं. बांबूच्या नावाने जे विकतात तोही बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी केलेला धागाच असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये काही विक्रेत्यांवर यावरूनच कारवाई केली होती, जिवाणूरोधक असल्याच्या दाव्यांसकट. मऊपणासाठी घ्या, औषधी गुणासाठी जादा पैसे देऊ नका.

लेबलवर नुसतं कॉटन लिहिलेलं पुरेसं नाही. कोम्ब्ड म्हणजे विंचरून आखूड तंतू काढून टाकलेला कापूस, त्याला लव कमी येते आणि धुऊन धुऊन तो खरखरीत होत नाही. आपल्या बाजारातली बरीचशी होजिअरी तामिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येते आणि तिथेच एकाच गल्लीत अव्वल मालही बनतो, टाकाऊही. त्यामुळे तिरुप्पूरचा माल आहे, एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

शिवण बघायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि खरा दर्जा तिथेच कळतो. पाकिटातून काढून दुकानातच उलटी करा. मांडीच्या आतल्या आणि दोन पायांमधल्या शिवणीवरून बोट फिरवा. ओव्हरलॉकची शिवण असेल तर बोटाला बारीक दोरीसारखा उंचवटा लागतो. फ्लॅटलॉक असेल तर दोन्ही कापडं एका पातळीत जोडलेली लागतात. गाडीवर दोन तास बसल्यावर तो उंचवटा किती खुपतो ते एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही. पायांच्या मध्ये चार शिवणी एका ठिपक्यात येऊन मिळत असतील तर ती अंडरवेअर मी घेत नाही. तिथे वेगळा चौकोनी किंवा लांबट तुकडा जोडलेला असेल तर शिवणी बाजूला सरकतात, ताणही वाटला जातो. पुढचा भाग सपाट नको, दोन तुकड्यांचा, जरा खोलगट हवा, म्हणजे सगळं जागच्या जागी राहतं आणि चारचौघांत सारखं सावरावं लागत नाही. मागे टोचणारं कापडी लेबल नको, छापलेलं हवं.

कमरेचं इलॅस्टिक दोन तऱ्हेचं मिळतं. ब्रँडचं नाव विणलेला रुंद पट्टा थेट कातडीला लागतो, तो दिसायला छान आणि गुंडाळतही नाही. पण कोकणातल्या घामात त्याच्या खाली खाज सुटते आणि काहींना काळपट पट्टाही पडतो. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी कापडात झाकलेलं इलॅस्टिक घ्यावं. माझ्या ट्रंक याच प्रकारच्या आहेत. एकच दोष, दुहेरी कापडामुळे कंबर सगळ्यात शेवटी वाळते.

आणि वाळणं हाच आमच्याकडचा मोठा प्रश्न. जुलैत दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. हाताला कोरडी वाटलेली अंडरवेअर शिवणीत आणि कमरेत दमटच असते, तशी ती घालून वर रेनकोट म्हणजे बुरशीला आमंत्रण. जांघेतला नायटा आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी असतो. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोपडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खाज दोन दिवसांत थांबते, आतून बुरशी पसरत राहते आणि मग खरा उपचार महिनोन्‌महिने चालतो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं हे ओरडून सांगताहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात.

आमच्या घरी आता पावसाळ्यात अंडरवेअर उलटी करून, कंबर वर धरून, पंख्याखाली एकेक सुटी टांगतो, दुसऱ्या कपड्याला चिकटू न देता. सकाळी घालण्याआधी शिवणींवरून मध्यम गरम इस्त्री. कमरेवर इस्त्री ठेवायची नाही, कडक उष्णतेने इलास्टेन मरतं. ब्लीच आणि उकळतं पाणी यांनीही तेच होतं. कपडे मऊ करणारं कंडिशनर टाकू नका, धाग्यावर थर बसतो आणि कापड घाम पीत नाही. घरात कोणाला नायटा झाला असेल तर मात्र कपड्याच्या आयुष्याचा विचार सोडून द्या, त्याचे कपडे वेगळे, साठ अंशांच्या पाण्यात धुवा. आणि पावसाळ्यापूर्वी आठ-दहा नग हाताशी हवेतच, दोन-तीनवर फिरवाफिरव करून कोकणात भागत नाही.

माप घेताना दुकानदार फक्त कंबर विचारतो. "साहेब, नव्वद ना? हे घ्या, मोठ्या कंपनीचं आहे," आणि पाकीट पुढे. कंबर ८५ ते ९० सेंटीमीटर म्हणजे मीडियम, ९५ ते १०० म्हणजे लार्ज, असा तक्ता बहुतेक ब्रँडचा असतो. मांडीचं माप त्यात नसतं. कंबर नव्वद पण मांड्या जाड, अशी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना मीडियमचा पाय घट्ट होतो. त्यांनी वरचं माप घेऊन कंबर किंचित सैल सोसलेली बरी. पॅन्टची कंबर तुम्ही पोटाखाली बांधत असाल तर टेपही तिथेच लावा. अंतर्वस्त्रं परत घेत नाहीत, म्हणून तीनचा संच आधी न घेता एकच नग घ्या, धुवा, दिवसभर गाडीवर घालून बघा, मग बाकीचे.

आता माझ्या कॉटन ट्रंकची ऑक्टोबरमधली अवस्था. काळ्याचा रंग राखाडीकडे झुकला आहे. दोन नगांच्या मागच्या बाजूला, सीटला टेकतो तिथे, इलास्टेनचे बारीक पांढरे तंतू तुटून वर आले आहेत. एकीचा उजवा पाय धुतल्यावर कडेला गुंडाळतो. कंबर सगळ्यांची शाबूत आहे आणि एकाही शिवणीचा टाका निघालेला नाही. नगाला तीनशेच्या आसपास पडले होते. पांढरे तंतू दिसायला लागलेले दोन नग दिवाळीत बाद करतोय, त्यांच्या जागी त्याच प्रकारचे घेणार आहे, फक्त काळ्याऐवजी करड्या रंगात.